कमी झालेलं ब्रेक ऑइल जातं कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांच्या देखभालीवरचा लेख आवडला. पण त्यात ब्रेक ऑइल दर आठवड्याला बघावं आणि कमी असेल तर भरावं, असा सल्ला आहे. हा सल्ला मी दीड महिना इमानेइतबारे पाळला, म्हणूनच हे पत्र लिहितोय.

माझ्याकडे 1966 ची एमजीबी आहे. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. थोरले बंधू तिकडून परतताना घेऊन आले, त्यांच्या माघारी ती माझ्याकडे आली. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम, पण चारही चाकांना मिळून मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) एक आणि पाइपांचं सर्किटही एकच. म्हणजे गळती कुठल्याही एका चाकात असो, ब्रेक ऑइलची डबी रिकामी झाली की चारही ब्रेक गेले. उरतो हँडब्रेक, तो केबलवर चालतो आणि फक्त मागच्या चाकांना लागतो.

पावसाळाभर गाडी झाकून उभी होती. दिवाळीनंतर काढली तर दर आठवड्याला डबीतली पातळी बोटभर खाली. मी भरत राहिलो. गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी मास्टर सिलिंडर ज्यावर बसतो त्या पेडलबॉक्सचा फुगलेला रंग बघितला, मास्टर सिलिंडर गेलाय म्हणाले आणि नवा बसवला. पैसे गेले, पातळी उतरायची काही थांबली नाही. रंग फुगला होता तो माझ्याच हातानं भरताना सांडलेल्या थेंबांनी! हे द्रव रंग सोलून काढतं हे मला ठाऊक होतं, तरी तेव्हा डोक्यात आलं नाही.

एका आठवड्यात डबी बघायची राहिली. मलकापूर ओलांडून आंबा घाटाकडे निघालो होतो. ट्रक दिसला म्हणून पाय दिला, तर पेडल थेट फरशीला. गिअर उतरवले, हँडब्रेक ओढला, तर गाडी उजवीकडे ओढायला लागली. थांबली, एवढंच. घाट सुरू व्हायच्या आधी झालं म्हणून हे लिहायला मी आहे.

घरी टो करून आणली आणि मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. डबी भरली, गाडीखाली तुमच्याच रविवारच्या पुरवण्या अंथरल्या आणि मुलाला पेडल दाबून धरायला लावलं. कागदावर इंजिन ऑइलचे दोन थेंब पडले. जुनी ब्रिटिश गाडी आहे, ते पडायचेच. चाकांखाली कोरडं. मास्टर सिलिंडरच्या मागे, पेडलच्या दांड्याजवळ टिश्यू पेपर फिरवला, तोही कोरडा. रबरी होज आणि पाइपचे सांधे बोटानं चाचपले, काही नाही. मग हँडब्रेकनं गाडी उजवीकडे का ओढली ते आठवलं. म्हणजे मागचं डावं चाक धरत नव्हतं. चाक काढलं, ड्रम काढला. आत ब्रेक शूजवरचं लायनिंग (ड्रमला घासणारा थर) काळं चिकट झालेलं, मागच्या पत्र्यावर, बॅकप्लेटवर, ओघळ.

गॅरेजवाल्यानं फोनवरच सांगितलं, हे ॲक्सलचं ऑइल, म्हणजे गिअर ऑइल, सील गेलंय. इथं घाई करू नये. बोटाला थोडं लावून मी बेसिनच्या नळाखाली धरलं, पाण्यानं सहज धुऊन गेलं. गिअर ऑइल असतं तर पाणी नुसतं वरून घसरलं असतं, आणि त्याचा तो गंधकासारखा उग्र वासही आला असता. व्हील सिलिंडरचं (चाकातले शूज ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबरी बूट नखानं उचललं तर आतून धार लागली. पिस्टन काढून बोअरमध्ये बॅटरी मारली, गंजाचे खड्डे! आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं, पण हे खड्डे होनिंगनं, म्हणजे आतून घासून, घालवायचा मोह टाळला. दोन्ही मागचे सिलिंडर इंग्लंडहून मागवले. सिलिंडरमागची सर्क्लिप (त्याला जागेवर धरणारी कडी) बसवण्यात अर्धा दिवस आणि एका अंगठ्याची साल गेली. भिजलेले शूज धुऊन परत घातले नाहीत, नवेच टाकले.

गंज आला कुठून? हे द्रव हवेतली ओल पितं, आणि ती ओल आतल्या लोखंडाला खाते. शिवाय ब्रेक तापले तरी द्रव उकळायला नको, पण डॉट 4 या प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश असतो, पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंत येऊ शकतो. म्हणून मी आता दर दोन वर्षांनी सगळं बदलतो.

आता माझी खरी तक्रार. आपण सगळेच त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, मीही वर म्हटलंय. पण ते ऑइल नाहीच. माझ्या शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीत एका पोरानं ऑइल म्हणून हाताला लागलेलं पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं. रबरं फुगली, ब्रेक धरून बसले, होजसकट एकूण एक रबर बदलावं लागलं. डब्यावर ब्रेक फ्लुइड लिहिलेलं असतं, तेवढं तरी छापत जा. आणि डॉट 5 व डॉट 5.1 यांत फक्त दशांशाचा फरक दिसतो, पण पहिलं सिलिकॉनचं आहे, दुसरं नेहमीच्या ग्लायकॉल जातीचं. ती एकमेकांत मिसळायची नसतात.

पुढे डिस्कचे पॅड झिजतात तशी डबीतली पातळी थोडी उतरते, पण त्याला महिने लागतात. आठवड्याला बोटभर उतरत असेल तर बाटली नको, जॅक काढा. लेखाच्या पुढच्या भागात एवढी दुरुस्ती यावी, ही विनंती.

– एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर