बाहुलीला भिंतीलगतचं टेबल हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनचे, जपानी कार्टूनच्या म्हणजे अ‍ॅनिमे मेळाव्यांचे आणि कॉलेज फेस्टचे दिवस येतात. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडणाऱ्या मुलामुलींकडे हल्ली कॉस्प्लेच्या, म्हणजे पात्रांच्या वेशभूषेच्या, फोमच्या तलवारींबरोबर एखादी लांबोडकी, गादी भरलेली बॅगही दिसते. तिच्यात बीजेडी असते, म्हणजे बॉल जॉइंटेड डॉल, गोळीच्या सांध्यांची संग्राह्य बाहुली. मेळाव्यातून परतताना कुणाच्या बाहुलीचं बोट तुटलेलं असतं, कुणाच्या गालाचा रंग निघालेला, कुणाच्या मांडीवर काळ्या कापडाचा डाग पडलेला. खापर गर्दीवर फुटतं. पण यातलं निम्मं नुकसान आदल्या आठवड्यात घरीच ठरलेलं असतं, आणि उरलेलं आयोजकांनी टेबल कुठे मांडलं यावर ठरतं. म्हणून हे पत्र दोघांसाठी.

ज्यांनी ही बाहुली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. जपानच्या क्योतोमधल्या वोक्स कंपनीने १९९९ साली ‘सुपर डॉल्फी’ आणली आणि हा छंद पसरला. आज कोरिया आणि चीनमध्येही पुष्कळ कंपन्या अशा बाहुल्या करतात. मोठी, म्हणजे माणसाच्या एक तृतीयांश मापाची, साधारण ६० सेंटिमीटर उंच. त्याखालची ४० ते ४५ सेंटिमीटर, आणि छोटी २६ ते ३० सेंटिमीटर. अंग पॉलियुरेथेन रेझिनचं, म्हणजे एका कडक प्लास्टिकचं, आतून पोकळ. डोळे, विग, कपडे, बूट सगळं बदलता येतं. चेहरा हाताने रंगवलेला असतो. किंमत वीस-पंचवीस हजारांपासून लाखापर्यंत जाते, कस्टम ड्युटी वेगळी. त्यामुळे ‘एवढीशी बाहुली, दे की पोराला खेळायला’ हे वाक्य ऐकलं की संग्राहकाच्या पोटात गोळा येतो.

आता इलॅस्टिकबद्दल, कारण सगळी गोम तिथे आहे. बाहुलीचे अवयव एकमेकांना चिकटवलेले नसतात. गोल इलॅस्टिकचं एक वेटोळं मानेच्या हुकापासून धडातून उतरून दोन्ही पायांतून घोट्यांपर्यंत जातं. दुसरं एका मनगटापासून छातीतून दुसऱ्या मनगटापर्यंत. टोकांना इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचे धातूचे हुक. सगळी बाहुली उभी असते ती फक्त या ताणावर. मोठ्या बाहुलीला साधारण ४ मिलिमीटर जाडीचं, मधल्या मापाला ३ आणि छोटीला २ मिलिमीटरचं लागतं. परकरात घालायचं चपटं इलॅस्टिक चालत नाही. आत रबराच्या बारीक तारांचा जुडगा आणि वर विणलेलं आवरण असलेलं गोलच हवं.

मेळाव्याच्या दहा दिवस आधी चाचणी घ्यावी. खाली उशा पसरून बाहुली अनवाणी, विगसकट उभी करा आणि हात सोडा. दहा मिनिटं उभी राहिली तर ठीक. गुडघ्यातून हळूहळू बसत गेली तर इलॅस्टिक थकलंय. उलट जरा हात लावताच पाय लाथ झाडल्यासारखा उडत असेल तर ताण जास्त आहे. इलॅस्टिकचं आवरण भुरभुरलं असेल, ओढून सोडल्यावर ते पूर्ववत आखडत नसेल, तर बदलाच. पण आदल्या रात्री नको. नवं इलॅस्टिक पहिल्या काही दिवसांत थोडं सैल पडतं, आणि नेमकी मेळाव्यातच मान लुळी पडते. आठवडाभर आधी घातलं की पुन्हा एक गाठ आत घेऊन ते कसायला वेळ मिळतो. जुनं इलॅस्टिक मापाला ठेवावं, मात्र ते ताणून लांब झालेलं असतं हे विसरू नये. नवं एक-दोन सेंटिमीटर आखूडच बांधावं.

इलॅस्टिक बदलायला आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे डॉक्टरांचा पकडून ठेवणारा चिमटा, घ्यावा. सर्जिकलच्या कुठल्याही दुकानात मिळतो. लांब, सरळ टोकाचा बघून घ्या. इलॅस्टिक मानेच्या भोकातून वर ओढलं की वेटोळ्यात आडवी पेन्सिल अडकवायची. हात मोकळे होतात आणि वेटोळं आत पळत नाही. तीच पेन्सिल निसटली तर हुक सटकन आत जातो आणि सांध्याच्या वाटीच्या कडेचा टवका उडवतो. बोटांवर बसला तर रक्तही काढतो. सांधे घसरत असतील तर वाटीत पातळ सुएडचा गोल तुकडा, मध्ये इलॅस्टिकपुरतं भोक पाडून, चिकटवावा. रंग पांढरा किंवा अंगाच्या रंगाचाच. काळा सुएड आतून डाग पाडतो.

डागांचा विषय निघालाच आहे तर कपडे. रेझिन बारीक सच्छिद्र असल्यासारखं वागतं, रंग पिऊन घेतं. काळं मखमल, गडद लाल सॅटिन आणि कच्च्या रंगाची डेनिम हे तीन मुख्य गुन्हेगार. नवा कपडा दोनदा धुवा, मग ओल्या पांढऱ्या रुमालाखाली दाबून इस्त्री फिरवा. रुमालावर रंग उतरला तर बाहुलीवरही उतरणार. तरी घालायचाच असेल तर आत पांढरे मोजे आणि पांढरं अस्तर. डाग पडलाच तर मेलामाइन स्पंज ओला करून हलक्या हाताने फिरवता येतो, पण तो बारीक पॉलिशपेपरच आहे. अंगावर चालेल, रंगवलेल्या चेहऱ्यावर अजिबात नाही.

आपल्याकडे मेळाव्यात बाहुलीला नऊवारी नेसवायची हौस दांडगी आहे आणि ती असावीच. गणित मात्र फसवं आहे. एक तृतीयांश माप म्हणजे पावणेतीन मीटर लांब आणि पंधरा इंच पन्ह्याचं कापड. पण कापडाची जाडी काही तिपटीने कमी होत नाही! खऱ्या पैठणीच्या तुकड्याचा काष्टा खोचला की कंबरेवर सुपारीएवढा नव्हे, लिंबाएवढा गोळा होतो आणि बाहुली पाठीमागे झुकते. धुतलेलं मलमल घ्यावं, लांबी दोन मीटरच्या आतच ठेवावी, काष्टा आधी शिवून टाकावा. येवल्याची पैठणी हवीच असेल तर फक्त काठाची अरुंद पट्टी वरून टाचावी. मोर अंगाच्या मानाने पोपटाएवढा दिसतो तो भाग टाळलेलाच बरा. चोळीला खण उत्तम, त्याची बुट्टी मुळातच बारीक.

आणि टिकली! बाजारातली चिकट टिकली बाहुलीच्या कपाळावर लावू नका. काढताना तिचा गोंद चेहऱ्याचा रंग पापुद्र्यासारखा घेऊन येतो. हा रंग सॉफ्ट पेस्टलची पूड आणि पातळ अ‍ॅक्रिलिक यांचा असतो, वर तो पक्का करणाऱ्या मॅट सीलंटचा फवारा. टिकली हवी तर चेहरा रंगवतानाच सीलंटच्या दोन थरांमध्ये रंगवून घ्यावी. सीलंट मारायला नाशिकची नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा फार सोयीची. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की सीलंट पांढुरकं पडतं, चेहऱ्यावर धुकं बसल्यासारखं. फवारा उघड्या गच्चीत, वाफेचं फिल्टर असलेला रेस्पिरेटर लावूनच मारावा. कापडी मास्क याला पुरत नाही.

घरगुती किंवा सार्वजनिक सणात बाहुली नेली तर आणखी एक धोका असतो, तो प्रेमाचा. एखादी आजी कौतुकाने पुढे होते आणि बाहुलीला हळदीकुंकू लावते. आजींना नाही म्हणवत नाही. हळदीचा पिवळा डाग रेझिनमध्ये उतरतो. उन्हात तो फिका पडतो हे खरं, पण त्याच उन्हाने रेझिन पिवळं पडतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. उपाय एकच: आधीच म्हणायचं, ‘आजी, हिच्या पदराला लावा.’ आणि तो पदर धुण्याजोगा ठेवायचा. गुलाल, रंगपंचमी, रहाडीच्या (रंग खेळायच्या हौदाच्या) आसपास मात्र बाहुली न्यायचीच नाही. मिसळीच्या तर्रीचंही तेच, तेल आणि हळद दोन्ही एकदम.

प्रवासाला निघताना विग काढून जाळीच्या पिशवीत ठेवावा, पापण्यांवर काही दाबलं जाणार नाही असं बघावं. चेहऱ्यावर आधी मऊ धुतलेलं सुती कापड, मग हवं तर बबलरॅप. बबलरॅप थेट चेहऱ्यावर गुंडाळला तर गरमीत त्याचे गोल ठसे सीलंटवर उठू शकतात. डोळे आतून पुटीने, म्हणजे चिकट मऊ लगद्याने, बसवलेले असतात, उन्हात ती मऊ होते आणि बाहुली चकणी होते. मुलांची रंगीत माती पुटी म्हणून वापरू नये, तिचं तेल रेझिनला डाग पाडतं. खास बॅग नसेल तर ट्रायपॉडची पॅडेड बॅग बऱ्याचदा जमते, खांदे मावतात का ते मोजून घ्या. बसच्या डिकीत नाही, गाडीच्या वरच्या रॅकवर नाही, पार्क केलेल्या मोटारीत तर मुळीच नाही. मांडीवर घ्यावी. मुंबई मेट्रोच्या एक्सरे पट्ट्यावर आतली आकृती बघून बॅग उघडायला सांगितली तर शांतपणे उघडावी. आणि डब्यात सगळ्यांसमोर बाहुलीच्या डोक्याचं वरचं झाकण काढून डोळे सरळ करत बसू नये. दुकानाच्या दारावर काळी बाहुली टांगणाऱ्या समाजात आपण राहतो, शेजारच्या काकूंना दिवसभर करमणार नाही.

बाहुली उचलायची ती मान न धरलेल्या तान्ह्या बाळासारखी, एक हात बुडाखाली आणि दुसरा मानेमागे. मोठीचं वजन दोन किलोच्या आसपास असतं आणि डोकं जड. हाताला धरून उचलली की मनगटाचा हुक ताणतो. पाहणाऱ्याच्या हातात द्यायचीच असेल तर त्याला आधी खाली बसवावं. नुकतंच सॅनिटायझर चोळलेले ओले हात चेहऱ्यापासून लांब, अल्कोहोलने सीलंट आणि रंग दोन्ही निघतात.

सोबत ठेवायची पिशवी लहानच: दोन जादा हुक, तीन मीटर इलॅस्टिक, फोर्सेप्स, पेन्सिल, बुटाची एक नाडी, थोडी पुटी, सुईदोरा, छोटी झिप पिशवी. मनगट निसटलं तर हुकात नाडी ओवून इलॅस्टिक बाहेर ओढायचं, हात अडकवायचा, नाडी काढून घ्यायची. मिनिटाचं काम. इलॅस्टिकच तुटलं तर गर्दीत गाठी मारत बसू नका, अवयव कापडात वेगवेगळे गुंडाळून घरी न्या. बोट तुटलं तर तुकडा त्याच झिप पिशवीत. तुकडा शाबूत असेल तर घरी सुपरग्लूच्या एका थेंबाने सांधा जवळपास दिसेनासा होतो. हरवला तर नवा हात मागवण्यात महिने जातात.

आता आयोजकांना, विशेषतः नाशिकमध्ये छोटे अ‍ॅनिमे मेळावे, कॉलेज फेस्ट आणि हस्तकला प्रदर्शनं भरवणाऱ्यांना. बाहुल्या येणार असतील तर सहा फूट बाय अडीच फुटांचं एक टेबल भिंतीला लावून द्या. मधल्या वाटेत नको, स्टेजच्या स्पीकरजवळ नको, खाण्याच्या स्टॉलशेजारी नको. डीजेच्या बेसने किंवा पाच-सात फुटांवर वाजणाऱ्या नाशिक ढोलाने टेबल थरथरतं आणि त्यावरचा स्टँड तसूतसूने कडेकडे सरकतो. समोर उभ्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही. टेबलाच्या कडेपासून एक फूट आतच मांडणी असावी. टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत लोंबता सोडू नका. जाणाऱ्याच्या पायात तो अडकतो किंवा लहान मूल तो धरून उभं राहतं आणि सगळ्या बाहुल्या एकदम खाली येतात. कापड खाली दुमडून पिना लावा, आणि गुळगुळीत सॅटिनऐवजी जाडंभरडं सुती घ्या. गर्दीच्या वेळी बाहुल्या उभ्या न ठेवता खोक्याला टेकवून बसवायची मुभा द्या. ‘उभ्या छान दिसतात’ असा आग्रह धरू नका.

‘विचारून हात लावा, विचारून फोटो काढा’ अशी पाटी मराठीत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर. जपानमध्ये खास बाहुल्यांचे मेळावे भरतात, तिथेही रीत हीच. प्रवेशद्वारावर प्रॉप, म्हणजे खोट्या तलवारी वगैरे, तपासणाऱ्या स्वयंसेवकाला आधी सांगून ठेवा की बाहुली हे हत्यार नव्हे, तिचे हातपाय ओढून बघायचे नाहीत. बॅग तपासायची तर मालकालाच उघडू द्यावी. आणि तिला क्लोकरूमच्या ढिगात टाकायला लावू नये.

परतल्यावर कितीही दमला असाल तरी गडद कपडे त्याच रात्री उतरवा. डाग बहुतेक वेळा मेळाव्यात पडत नाही, मेळाव्यानंतर तसंच बॅगेत राहिलेल्या चार दिवसांत पडतो.

आपले,
नाशिकमधील काही बाहुलीसंग्राहक