पवित्र शास्त्राला खोटी साक्ष नको

महोदय,

उत्खननांनी बायबलचं अक्षर न् अक्षर खरं ठरवलं आहे, अशा आशयाचा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला आणि त्यावर वाचकांची पत्रंही आली. आता शंकेला जागाच उरली नाही, असं लेखकाचं म्हणणं. तर धर्मग्रंथाच्या बाबतीत पुराव्याचा प्रश्नच येत नाही, ज्याला मानायचं त्याने मानावं, असं काही पत्रलेखकांचं. मी ख्रिस्ती आहे, पवित्र शास्त्र हे देवाचं वचन आहे असं मनापासून मानते, आणि मला ही दोन्ही मतं पटत नाहीत.

माझी सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून झाली. मूळ प्रत आणि जुळवलेला मजकूर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायची, हेच काम. दोन ओळींचा शेवट सारखा असला की जुळाऱ्याची नजर एका ओळीवरून थेट दुसरीवर जाते आणि मधला मजकूर गळतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की प्राचीन हस्तलिखितांबद्दल वाचताना माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

लेखात मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या गुंडाळ्यांचा उल्लेख आहे आणि तो योग्यच आहे. 1947 पासून त्या गुहांतून जे हाती आलं त्यात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची जवळजवळ अखंड गुंडाळी होती. तोवर उपलब्ध असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. इतक्या काळानंतरही ग्रंथ मोठ्या प्रमाणात तोच राहिला, फरक बहुतांशी शुद्धलेखनाचे आणि किरकोळ शब्दांचे. नकला करणाऱ्या त्या अनाम माणसांपुढे मी मान लवते.

पण त्याच गुहांत आणखीही काही सापडलं, ते लेखात नाही. यिर्मयाच्या पुस्तकाचे काही हिब्रू तुकडे जुन्या ग्रीक भाषांतराशी जुळतात, आणि ते भाषांतर प्रचलित हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. म्हणजे हे पुस्तक दोन रूपांत वाचलं जात होतं. शमुवेलाच्या पुस्तकाच्या एका गुंडाळीत अम्मोनी राजा नाहाशाबद्दलचा एक परिच्छेद आहे. तो लोकांचे उजवे डोळे फोडत असे आणि काही माणसं निसटून याबेश-गिलाद या गावात पोहोचली, असं त्यात सांगितलं आहे. आपल्या नेहमीच्या पाठात हा परिच्छेद नाही, तरी पहिल्या शतकातल्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराला ही हकिगत ठाऊक होती. नकलाकाराची नजर चुकून तो गळला, असं अनेक अभ्यासक मानतात. स्तोत्र 145 ची प्रत्येक ओळ हिब्रू वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होते, पण प्रचलित पाठात एका अक्षराची ओळच नाही. ग्रीक भाषांतरात ती होती, आणि कुमरानच्या गुंडाळीत ती हिब्रूतही मिळाली.

बायबलच्या दुसऱ्या भागात, म्हणजे नव्या करारातही असं आहे. मार्काच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं (16:9 ते 20) चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या प्रतींत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. मला ती गोष्ट अतिशय प्रिय आहे, आणि तरीही हे सांगितलं पाहिजे. व्हॅटिकन प्रतीत इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात एका नकलाकाराने लिहिलेला शब्द पुढे कोणीतरी दुरुस्त केला. नंतर आणखी कोणीतरी पहिला शब्द पुन्हा लिहून समासात दुरुस्ती करणाऱ्याला मूर्ख आणि दुष्ट म्हटलं, जुनं आहे ते राहू दे, बदलू नको, असं बजावलं. त्याची तळमळ खरी होती. पण बाकीच्या प्रती पाहिल्या तर दुरुस्ती करणाराच बरोबर होता आणि रागावलेला माणूस चुकीच्या शब्दाची राखण करत होता. मंडळीत कोणी असा आवाज चढवून वचनाचं रक्षण करू लागलं की मला तो समास आठवतो.

या फरकांनी माझी श्रद्धा डळमळली नाही. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांवर जाते. बरीचशी मध्ययुगातली, काही अगदी तुकडे. या साऱ्या प्रती कधीच एका हाताखाली नव्हत्या, म्हणून एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीवरून उघडी पडते. ताडून पाहायला दुसरी प्रत नसती तर मात्र मी धास्तावले असते.

आता उत्खननाकडे येते. 1961 मध्ये कैसरियात, येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात याचं नाव कोरलेला दगड मिळाला. 1993 मध्ये तेल दान इथे 'दाविदाचं घराणं' असा उल्लेख असलेला शिलालेखाचा तुकडा मिळाला. दोन्ही शोध मोलाचे आहेत. पण यरीहोत कॅथलीन केनियन यांनी 1952 ते 1958 या काळात जे खोदकाम केलं त्यात नगराचा नाश इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमाराचा निघाला, आणि ज्याच्यापुढे यरीहोचे तट कोसळले असं शास्त्र सांगतं त्या यहोशवाचा काळ सहसा मानला जातो तेव्हाची तटबंदी मिळाली नाही. लूक येशूच्या जन्माच्या वेळी सूरियाचा सुभेदार क्विरीनिया याच्या कारकिर्दीतली नावनिशी, म्हणजे जनगणना, सांगतो. जोसेफसच्या हिशेबाने ती इसवी सन 6 मधली, तर ज्याच्या काळात येशू जन्मला असं शुभवर्तमान सांगतं तो हेरोद राजा सर्वसाधारण गणनेनुसार इसवी सनापूर्वी 4 मध्येच वारला होता. या अंतरावर पुष्कळ उत्तरं सुचवली गेली आहेत. मला एकही पूर्ण समाधानकारक वाटलेलं नाही. पिलाताचा दगड छापायचा आणि यरीहो गाळायचं, याला पुरावा देणं म्हणत नाहीत. शिवाय पिलात होऊन गेला एवढंच तो दगड सांगतो. कबर रिकामी होती की नाही याबद्दल तो काही बोलत नाही.

उतावळेपणाची किंमतही आपल्यासमोर आहे. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयात मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून ठेवलेले सगळे, म्हणजे 16 तुकडे बनावट असल्याचं 2020 मध्ये स्पष्ट झालं. तपासणी संग्रहालयानेच करवून घेतली आणि निष्कर्ष स्वतः जाहीर केला, त्याबद्दल मला आदर आहे. पण असे तुकडे विकणाऱ्याला गिऱ्हाईक कुठे मिळतं? जिथे हव्या त्या पुराव्याची भूक असते तिथे. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा देवाच्या बाजूने दिलेल्या साक्षीलाही लागू आहे.

पुराव्याची गरजच नाही म्हणणाऱ्या वाचकांना मी शास्त्र उघडायला सांगेन. आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला आहे, असं लूक आरंभीच लिहितो. प्रेषित पौल पुनरुत्थानाचे, म्हणजे येशू मेलेल्यातून उठल्याचे, साक्षीदार नावं घेऊन मोजतो, पाचशेंहून अधिक बंधूंना प्रभू दिसला आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असं सांगतो. शिवाय ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं स्वच्छ लिहितो. घडलेल्या गोष्टीवर तो सगळा भार टाकतो. मग ती घडली का, हे विचारणाऱ्याला आपण अविश्वासी कसं म्हणणार? थोमा या शिष्याने जखमा पाहायला मागितल्या तेव्हा प्रभूने त्याला हाकललं नाही, हात पुढे केले. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे वाक्य त्यानंतर येतं हे खरं. पण लगेच पुढे योहान सांगतो की तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिलं आहे. ज्यांना पाहता येणार नाही त्यांच्या हाती त्याने साक्ष दिली.

पुनरुत्थान कोणत्याही खोदकामाने सिद्ध होणार नाही. भेदरून पळालेले शिष्य पुढे उघडपणे बोलू लागले, ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा पौल स्वतःच प्रेषित झाला, त्याची पत्रं येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांतच लिहिली जाऊ लागली, ही माझ्यालेखी वजनदार कारणं आहेत. हीच कारणं पाहून एखादा प्रामाणिक इतिहासकार 'शिष्यांनी तसं मानलं' इथेच थांबेल, आणि त्याला मी दोष देणार नाही. मी पुढे जाते, कारण ज्याच्याबद्दल ही साक्ष आहे त्याच्यावर माझा भरवसा आहे. ते पाऊल विश्वासाचं आहे, ते मी विज्ञानाच्या नावावर खपवणार नाही.

हे लिहायचं कारण एक तरुण मुलगा आहे. बायबलच्या वर्गात त्याने मार्काच्या शेवटाखालची तळटीप वाचून प्रश्न विचारला आणि वयाने मोठ्या एका बंधूंनी त्याला सैतानाच्या शंका म्हणून गप्प केलं. तो पुन्हा आला नाही. त्याचा प्रश्न छापील पानावरच होता, तोही आपल्याच बायबलात. पाळकांना आणि वर्ग घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की या तळटिपा मुलांसमोर आपण होऊन वाचाव्यात.

आणि आपल्याला विनंती अशी, की 'सिद्ध झालं' असा मथळा देताना वस्तू कुठे सापडली, कोणी खोदली, आज कुठल्या संग्रहालयात आहे आणि तिच्याबद्दल अभ्यासकांत कोणते मतभेद आहेत, हे लेखकाकडून मागून छापावं. त्या लेखात यातलं काहीच नव्हतं.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक