कातकरी वाडीची ग्रामसभा वाडीवरच भरू द्या: साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, सातारा
(अध्यक्ष, जिल्हास्तरीय वनहक्क समिती)

सविनय नमस्कार.

सातारा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून इथे पेसा, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू नाही. तेवढ्यावरून जंगलात राहणाऱ्यांचे जमिनीवरचे आणि वनोपजावरचे हक्क मान्य करणारा 2006 चा वनहक्क कायदाही आपल्याकडे नावापुरताच, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. हा कायदा अभयारण्यातल्या वनजमिनीलाही लागू आहे. शिवाय कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. अशा जमातींना अधिवासाचे, म्हणजे परंपरेने वावरत आलेल्या प्रदेशावरचे, हक्क मिळतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी 2012 च्या नियमदुरुस्तीने थेट आपल्या समितीवर टाकली आहे. दावा दाखल होईपर्यंत थांबावं, असं त्यात कुठेही नाही.

या कामात वाडीतल्या बायकांना पुढे आणा, ही आमची मागणी. तशी तरतूद कायद्यात आहेच. ग्रामसभेने निवडलेली, दावे तपासणारी वनहक्क समिती 10 ते 15 जणांची, त्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी आणि त्यांतल्या किमान एक तृतीयांश स्त्रिया. बिघडतं ते पुढे. बाईचं नाव इतिवृत्तात येतं, अंगठाही घरपोच घेतला जातो, पण स्थळपाहणीच्या दिवशी तिला कुणी बोलावत नाही. मग नकाशावर फक्त कसलेली जमीन उमटते. खेकडे कुठल्या ओढ्यात, मध कुठल्या कड्याला, कंद आणि शिकेकाई कुठल्या रानात, हे रोज तिथे जाणाऱ्या बाईला ठाऊक असतं. ती नसेल तर हे सगळं हद्दीबाहेर राहतं आणि सामूहिक दावा चार-दोन गुंठ्यांवर येतो. गौण वनोपज आणि पाण्यातली मासळी, दोन्हींवरचे हक्क कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणून पाहणीच्या पंचनाम्यावर समितीतल्या किमान दोन बायकांची सही किंवा अंगठा असल्याशिवाय तो स्वीकारू नये, असा आदेश आपण काढावा.

आता गणपूर्तीबद्दल, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीबद्दल. आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी असेल तेवढे पुरतात. तहकूब सभेला तर गणपूर्तीचीही अट नाही. वनहक्काच्या सभेला मात्र निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. समजा ग्रामपंचायतीचे मतदार 1200 आहेत आणि कातकरी वाडीचे 60. गावात सभा घेतली तर 600 माणसं जमवायची, आणि ती जमत नाहीत. मग नेहमीच्या गणपूर्तीवर ठराव उरकला जातो आणि पुढे फाइल परत येते. हीच सभा वाडीवर घ्या: 30 जण हवेत, त्यांत 10 बायका. चुली पेटायच्या आधी, संध्याकाळी, एवढ्या सहज जमतात. त्यासाठी वाडीला कायद्याच्या अर्थाने स्वतंत्र गाव मानावं लागेल. वाड्यापाड्यांची यादी ग्रामपंचायतीने करायची, प्रांताधिकाऱ्यांनी एकत्र करायची आणि आपल्या समितीपुढे ठेवायची, ही पद्धत नियमांत आहे. यादी या पावसाळ्यातच मागवा.

वेळही महत्त्वाची. दिवाळी झाली की भट्टीमालकाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी वीटभट्टीला जातात, ती थेट उन्हाळ्याच्या शेवटी परततात. 26 जानेवारी आणि 1 मेच्या सभेत वाडी अर्धी रिकामी असते. अर्ज पावसाळ्यात भरावेत, 2 ऑक्टोबरच्या सुमारास वाडीची सभा व्हावी आणि पाऊस उघडला की दिवाळीआधी मोजणी.

वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) नुसार पट्टा (हक्काचा कागद) नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. एकट्या बाईचं घर असेल तर तिच्याच नावे. पण आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, एवढ्यावरून तिचं नाव गाळलं जातं. वाडीच्या सभेत ‘ही दोन्ही नावं एकाच बाईची’ असा ठराव करून तो दाव्याला जोडावा, आणि तो पुरेसा मानावा. पुरावे किमान दोन लागतात. त्यांत दावेदाराखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब चालतो. अमुकच कागद आणा, असा आग्रह दाव्यावर निर्णय देणाऱ्या समितीला धरता येत नाही.

ग्रामपंचायतीत राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईचं पद जात पडताळणीच्या मुदतीत अडकतं, तोही प्रश्न आहे. त्यासाठी वाडीवरच जातीच्या दाखल्याचं शिबिर लावा. खाजगी मालकीच्या जमिनीवर वसलेल्या वाड्यांना हा कायदा पुरत नाही. त्यांच्या गावठाणाचा प्रस्ताव वेगळा लागेल.

शेवटची मागणी फेटाळलेल्या दाव्यांची. निर्णय कारणांसह दावेदाराला समक्ष कळवायचा असतो आणि तिथून 60 दिवसांत दाद मागता येते. कुटुंब भट्टीवर असताना कुलूप लावलेल्या झोपडीच्या दाराला नोटीस चिकटवली, तर मुदत कळायच्या आधीच संपते. निर्णय वाडीच्या सभेत वाचून दाखवावा, नवरा-बायको दोघांच्या हाती प्रत द्यावी, आणि 60 दिवस त्या तारखेपासून मोजावेत.

आपल्या,
वनहक्काच्या दाव्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या, जिल्हा सातारा