आधी आईला बसवून बघा, मग बुकिंग

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, नव्या गाडीचा विषय निघाला की फोनवर तुमचं एकच पालुपद, "अ‍ॅव्हरेज किती देते?" अहो, आपली गाडी फिरते कुठे? बाजार, बँक, दवाखाना आणि अधूनमधून चिपळूणहून कराडला मावशीकडे. एवढ्याशा फिरण्यात लिटरमागे दोन किलोमीटर कमीजास्त झाले तर काय बिघडतं? मी बघतेय आईचे गुडघे.

तुमच्या मनात स्विफ्ट आहे, ठाऊक आहे. 2024 ची नवी स्विफ्ट दिसतेही झकास. पण उंची 1520 मिमी. आईला वाकून अंग टाकावं लागेल आणि उतरताना कोणीतरी हात द्यावा लागेल. वॅगनआर 1675 मिमी उंच, सीटही वर. आधी टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, निऱ्या सावरायलाही सवड मिळते. आई, शोरूममध्ये तू साडीतच जा आणि चारपाच वेळा चढ-उतर कर. सेल्समन कंटाळला तर कंटाळू दे!

आता वॅगनआरची खोट. 2023 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत, म्हणजे गाडी आदळून सुरक्षा तपासतात त्यात, वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी 1 स्टार मिळाला, मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. 2025 पासून सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग आल्यात, पण त्याने गाडीचा सांगाडा काही बदलत नाही. टाटाच्या टियागोला 2020 मध्ये 4 स्टार होते, तीही माझ्या यादीत होती. पण बसायला तीही खालीच. गावातल्या गावात आणि कधीमधी कराडपर्यंत, चाळीसच्या स्पीडने चालवायला मला वॅगनआर पटते. मात्र पुण्याला माझ्याकडे यायचं तर एसटीने यायचं. यावर वाद नको.

बाबा, तुमचा डावा पाय क्लचवर दुखतो हे आईने सांगितलंय, तुम्ही नाही. म्हणून एएमटी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी घ्या, तीही 1.2 लिटर इंजिनाची. गिअर बदलताना ती किंचित अडखळते. कुंभार्ली घाटात चढावर मॅन्युअल मोडला टाकून दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. टेस्ट ड्राइव्हला सपाट रस्त्यावर नेतील. तुम्ही चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा.

सीएनजी नको. वॅगनआरमध्ये सीएनजीला एएमटी मिळत नाही, शिवाय टाकीने डिकी भरून जाते. मग आंब्याच्या पेट्या काय मांडीवर घ्यायच्या? टियागोत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी असतात आणि एएमटीही मिळते, पण तुमच्या फिरण्यात सीएनजीचा जास्तीचा खर्च वसूलच व्हायचा नाही.

कोटेशन आलं की सही करू नका, मला पाठवा. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा छोट्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झालाय, त्यामुळे शेजारच्या काकांचा जुना आकडा धरून बसू नका. 'हँडलिंग चार्जेस' लावले असतील तर ते काढायला सांगा. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. अ‍ॅक्सेसरीजमधले मॅट घ्या, बाकीचं राहू दे.

एक काम आजच करा. जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची आहे ना? तिचं कर्ज फिटल्यावर आरसीवरची बँकेची नोंद काढली होती का? ती राहिली असेल तर पुढे सगळं अडेल. आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, मी बघून सांगते.

तुमची,
ताई