जीपीएसला उघड्या आभाळाखाली थोडा वेळ द्या

संपादक महोदय,

पावसाळी भटकंतीत काय काळजी घ्यावी, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. दोर, टॉर्च, कोरडे कपडे, सगळं आलं. जीपीएसबद्दल मात्र ‘नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा’ एवढंच. तेवढ्यावर कुणी विसंबू नये, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणात हरिश्चंद्रगडावरून तोलारखिंडीकडे येताना धुक्यात आमची वाट चुकली. नकाशा फोनमध्ये होता, रेंज नव्हती आणि निळा ठिपका काही उमटेना. बरोबरची मुलं घाबरून फोन पुन्हापुन्हा बंद-चालू करत होती, तो हातात धरून झाडीतून फिरत होती. नेमकं तेच चुकत होतं.

उपग्रह स्वतः कुठे आहेत हे कळल्याशिवाय फोनला आपली जागा काढता येत नाही. ही माहिती दोन तऱ्हेची. एक ढोबळ, पंचांगासारखी: कुठला उपग्रह साधारण कधी, कुठे दिसेल. ती कित्येक आठवडे चालते. दुसरी प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची नेमकी माहिती. ती सुमारे 4 तासांत शिळी होते. गावात फोन ती इंटरनेटवरून चटकन घेतो, म्हणून आपल्याला तिचा पत्ताच नसतो. रेंज गेली की ती थेट उपग्रहाकडून घ्यायची, आणि जीपीएसचा उपग्रह ती सेकंदाला अवघ्या 50 बिट या वेगाने सांगतो. एक फेरा 30 सेकंदांचा. मध्ये कडा किंवा झाड आलं, हवा तो तुकडा निसटला, की पुढच्या फेऱ्याची वाट पाहायची. असे निदान 4 उपग्रह लागतात. यंत्र वर्षभर कपाटात पडून असेल, तर अख्खं पंचांग नव्याने उतरायला साडेबारा मिनिटं जातात.

शेवटी मी सगळ्यांना मोकळ्या कातळावर थांबवलं, फोन उताणा ठेवला, कुणालाही हात लावू दिला नाही. काही मिनिटांत ठिपका आला. वाट आमच्या डाव्या हाताला राहिली होती.

पायथ्याच्या गावात रेंज असतानाच लोकेशन चालू करावं. पण सकाळची माहिती दुपारी कामाची नसते, तेव्हा वर दर दोनेक तासांनी उघड्यावर थांबून ठिपका येऊ द्यावा. पुढच्या लेखात एवढ्या दोन ओळी जरूर छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक डोंगरभटक्या, जुन्नर