टेस्ट फुकट होती, पण पॉझिटिव्ह येणं परवडत नव्हतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोविडच्या टेस्टिंगचा विषय निघाला की अजूनही लोकं एकच विचारतात, किती टेस्ट झाल्या. दिवसाला किती, लाखामागे किती, कोण पुढे कोण मागे. आकडे ठीक आहेत हो, पण ज्याची टेस्ट झाली त्याचं दुसऱ्या दिवशी काय झालं हे कोणी विचारतच नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तिथं कापा.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचं घ्या. ६ नोव्हेंबर २०२० ला तिथं अख्ख्या शहराची टेस्टिंग सुरू झाली, जवळपास ५ लाख वस्ती, मदतीला लष्कराचे साधारण २००० जवान, लक्षणं असोत नसोत कोणीही या, स्वॅब द्या, अर्ध्या-पाऊण तासात रिझल्ट, आणि सगळं फुकट. आता एवढं दारात आणून ठेवल्यावर गर्दी कुठं जास्त व्हायला पाहिजे होती? जिथं साथ जास्त तिथं ना? झालं उलटंच. गरीब वस्त्यांमधून लोकं कमी आली, ज्यांच्याकडे स्मार्टफोन-इंटरनेट नीट नाही तेही कमी आले. नंतर तिथल्या युनिव्हर्सिटीने अभ्यास केला तेव्हा एक मोठं कारण पुढे आलं ते म्हणजे पॉझिटिव्ह आलो तर घरी बसायचं, मग आपल्याला सांभाळणार कोण ही भीती.

मला तर यात नवल वाटलं नाही. ज्याचं हातावर पोट आहे तो माणूस नाकात काडी घालून घ्यायला घाबरत नाही, तो दहा दिवस खाडा पडेल त्याला घाबरतो. लक्षणं नाहीत, अंगात ताप नाही, कामावर जाता येतंय, मग कशाला जाऊन विचारायचं की मला काही झालंय का. आपण त्याला अडाणी म्हणतो, बेजबाबदार म्हणतो, पण त्याचा हिशोब अगदी बरोबर असतो.

इंग्लंडमध्ये यावर उपाय केला नव्हता असं नाही. २८ सप्टेंबर २०२० पासून कमी उत्पन्नवाल्यांना, ज्यांना घरी बसून काम करता येत नाही अशांना, आयसोलेशनसाठी ५०० पौंड एकरकमी मिळायचे आणि ते वाटायचं काम स्थानिक काउन्सिलांकडेच, म्हणजे तिथल्या पालिकांकडेच होतं. पण अटी एवढ्या की बरेच अर्ज बादच झाले. म्हणजे टेस्टला फारशी विचारपूस नाही, या बसा, आणि घरी बसायचे पैसे मागितले की आणा कागद. काउन्सिलचा माणूस तरी काय करणार, नियम वरून आलेले.

आणि हे 'वरून' प्रकरणच मुळात दुखणं आहे. २०२० च्या उन्हाळ्यात लेस्टरमध्ये केसेस वाढल्या, २९ जूनला तिथं वेगळा लॉकडाऊन जाहीर झाला, आणि तिथले महापौर ओरडत होते की आमच्याच शहरातले कोण कुठल्या गल्लीतले पॉझिटिव्ह आहेत हा डेटा आम्हाला वेळेवर मिळालाच नाही. शहर तुमचं, आग तुमच्या घरात, आणि धूर कुठून येतोय ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तर लोकांना टेस्टची अपॉइंटमेंट शेकडो मैल लांबच्या सेंटरची दाखवत होते, ते ऐकून हसावं की रडावं कळेना.

याच्या उलट ब्लॅकबर्न विथ डार्वेनच्या काउन्सिलने ऑगस्ट २०२० मध्ये स्वतःची ट्रेसिंग टीम, म्हणजे बाधितांचा आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा माग काढणारी टीम, उभी केली. राष्ट्रीय कॉल सेंटरवाल्यांना जो माणूस फोनवर सापडत नाही त्याला ही टीम शोधायची, गरज पडली तर दारापर्यंत जायची. लोकल नंबरवरून फोन आला तर माणूस उचलतो, कुठल्या तरी अनोळखी नंबरचा तुम्ही उचलता का? मी तर नाही उचलत.

आता कोणी म्हणेल की मग सक्ती करा. स्लोव्हाकियाने जवळपास तसंच केलं. ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० या दोन दिवसांत ३६ लाखांवर लोकांची अँटिजेन टेस्ट, सुमारे ३८ हजार पॉझिटिव्ह, आणि निगेटिव्हचा दाखला नसेल तर बहुतेकांना कामावर जाता येत नाही. जिथं दोन फेऱ्या झाल्या तिथं आठवड्याभरात संसर्गाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आलं, हे खरं आहे. पण त्याच वेळी इतर निर्बंधही होते आणि पॉझिटिव्हच्या घरातले सगळेच क्वारंटाईनमध्ये, त्यामुळे नुसत्या टेस्टने किती आणि घरी बसल्याने किती हे अभ्यास करणाऱ्यांनाही वेगळं काढता आलं नाही. स्वॅबने साथ थांबत नाही, तो माणूस घरात थांबला तर थांबते, असं मला तरी वाटतं.

अँटिजेनबद्दल पण एक सांगतो कारण गैरसमज फार आहेत. ती आरटीपीसीआरपेक्षा झटपट, पण अंगात विषाणू कमी असेल तर चुकण्याची शक्यता जास्त, म्हणून निगेटिव्ह आला म्हणजे मोकळं फिरायचा परवाना नाही. आणि साथ ओसरलेली असेल तर उलटी चूकही होते. समजा १०,००० लोकांत खरे बाधित फक्त १० आहेत आणि टेस्ट हजारी ३ निरोगी माणसांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तर ३० जण उगीच अडकणार, खऱ्यांपेक्षा खोटेच जास्त. म्हणून अशा वेळी लगेच दुसरी आरटीपीसीआर करून द्यायची सोय त्याच सेंटरवर पाहिजे, नाहीतर एका माणसाचा जरी फुकटचा खाडा पडला तरी ते वस्तीभर होतं आणि पुढच्या वेळी तिथून कोणी येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या साथीत टेस्टिंगचं बजेट बनेल तेव्हा किटच्या शेजारीच खाड्याच्या पैशाची रक्कम लिहा, ती वाटायचा अधिकार आणि वस्तीवार डेटा दोन्ही पहिल्या दिवसापासून स्थानिक पालिकेच्या हातात द्या, आणि पैसे रिझल्टसोबत त्याच टेबलावर मंजूर करा, अर्ज नंतर भरून घ्या. इंग्लंडमध्ये ही मदत २४ फेब्रुवारी २०२२ ला बंद झाली आणि १ एप्रिलपासून बहुतेकांसाठी फुकट टेस्टही. सेंटरचे तंबू पुन्हा दोन दिवसांत उभे राहतील, पण ज्या काउन्सिलच्या पोरांना कुठल्या दारावर कोणत्या वेळी माणूस भेटतो हे पाठ झालं होतं, त्यांची नावं तरी कोणी लिहून ठेवलीयेत का?

आपला,
एक नियमित वाचक