बेडसोर होऊ न देणे हेही ज्ञानच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ मेच्या परिचारिका दिनी आमच्याविषयी जे छापून येते त्यात सेवा, त्याग आणि माया हे शब्द असतातच; ज्ञान हा शब्द क्वचितच दिसतो. ३१ वर्षे वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या मला ही गोष्ट अजूनही लागते, म्हणून हे पत्र.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, होऊ न देणाऱ्या तिथल्या परिचारिकांचे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात कौतुक केले. ते रास्तच होते. पण इतकी वर्षे त्यांनी हे नेमके कसे साधले, कूस कधी आणि कशी बदलली, आखडलेल्या अंगाखाली आधार कुठे दिला, हे मला शिकताना किंवा पुढे विद्यार्थिनींना शिकवताना कधी वाचायला मिळाले नाही. त्या परिचारिकांची माया सर्वांना ठाऊक झाली, त्यांची विद्या मात्र आमच्यापर्यंत आली नाही.

नुसत्या अनुभवावर विसंबून राहा, असे मी म्हणत नाही. प्रशिक्षणात आम्हाला रुग्णाच्या पाठीला आणि टाचांना स्पिरिट चोळून वर पावडर लावायला शिकवले होते, आणि लाल झालेली जागा तर आम्ही अधिक निगुतीने चोळत असू. ते चुकीचे होते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि दाबाने आधीच दुखावलेली जागा चोळल्याने आतली इजा वाढते. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ मध्येच दाखवून दिले होते की लेप चोळण्यापेक्षा ठरावीक वेळाने कूस बदलून दाब हलका करणे महत्त्वाचे आहे. कोणत्या रुग्णाला धोका अधिक, हे गुण देऊन ठरवण्याचा तक्ताही त्याच अभ्यासातून आला. आमच्या वॉर्डापर्यंत हे पोहोचेतो कित्येक वर्षे गेली आणि तोवर आम्ही मनापासून चोळतच राहिलो. ते रुग्ण आठवले की आजही जीव कासावीस होतो.

तरीही सगळे पुस्तकातून येत नाही. लाल जागा बोटाने दाबावी, पांढरी पडली तर ठीक, लाली तशीच राहिली तर ती बेडसोरची सुरुवात, असे पुस्तक सांगते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लाली पुष्कळदा दिसतच नाही. तिथे हात लावून ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा घट्ट लागते का, हे पाहावे लागते. मला हे एका इन्चार्ज सिस्टरनी नाइट ड्यूटीत माझा हात धरून, तो रुग्णाच्या माकडहाडावर ठेवून शिकवले.

अमेरिकेतील बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये परिचर्येतील ज्ञानाचे चार प्रकार मांडले: अभ्यासाने पडताळलेले शास्त्र, समोरच्या रुग्णाची गरज नेमकी हेरणारी कला, स्वतःला ओळखून माणसाशी जुळवलेले नाते आणि योग्य-अयोग्याचा विवेक. यांतला एकही प्रकार एकट्याने पुरा पडत नाही. आपल्याकडे पहिला प्रकार कॉलेजात आणि दुसरा वॉर्डात राहतो, आणि दोघांची गाठ फारशी पडत नाही. एम.एस्सी.च्या विद्यार्थिनी प्रबंध लिहितात, ते ग्रंथालयाच्या कपाटात जातात; वॉर्डातली सिस्टर निवृत्त होते, तिचे शहाणपण तिच्याबरोबर घरी जाते.

ऑस्ट्रेलियातील अनेक रुग्णालयांत, प्रकृती बिघडू लागलेल्या रुग्णासाठी तातडीचे पथक बोलावण्याच्या निकषांत ‘रुग्णाबद्दल काळजी वाटते’ हाही निकष आहे. बीपी आणि नाडी ठीक असली तरी सिस्टर पथक बोलावू शकते. आमच्याकडे ‘पेशंट आज बरा वाटत नाही’ असे सांगितल्यावर ‘आकडे सांगा’ हेच उत्तर मी अनेकदा ऐकले.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनांकडे माझे मागणे मोठे नाही. आठवड्यातून एकदा हँडओव्हरला (पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला देण्याला) जोडून अर्धा तास ड्यूटीच्या वेळेतच राखून ठेवावा, त्या आठवड्यातला प्रत्येक बेडसोर आणि टळलेला धोका सिस्टरनी स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहावा, आणि कॉलेजच्या शिक्षिकांनी ती वही वाचायला वॉर्डात यावे.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा